तिकडची कोरफड

साताऱ्याला घरच्या ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय: दुकानातलं कोरफडीचं जेल खरं की खोटं? वहिनींनी निकालही दिला. आपल्याकडचं सगळं बनावट, येताना तिकडच्या, म्हणजे अमेरिकेतल्या, चार बाटल्या आण. या ‘तिकडच्या’ला माझा आक्षेप आहे.

2016 साली ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने वॉलमार्ट, टार्गेट आणि सीव्हीएस या इथल्या दुकान-साखळ्यांची स्वतःच्या नावाने विकली जाणारी जेलं प्रयोगशाळेत तपासून घेतली. कोरफडीची खूण म्हणून शोधतात ते अॅसेमॅनन, मॅलिक आम्ल, ग्लुकोज यांतलं काहीच सापडलं नाही. सापडलं मॅल्टोडेक्स्ट्रिन, कोरफडीची नक्कल करायला कधीकधी वापरतात ती स्वस्त साखर. पुरवठादारांनी चाचणीची पद्धतच अमान्य केली. ग्राहक कोर्टात गेले आणि 2020 मध्ये अपिलातही हरले; अॅसेमॅनन कमी म्हणजे गिऱ्हाइकाची फसवणूक, हे त्यांना सिद्ध करता आलं नाही. एफडीए, म्हणजे इथलं अन्न-औषध खातं, तर प्रसाधनं बाजारात येण्याआधी मंजूर करतच नाही. मग वहिनी, शुद्धतेची हमी मी कुणाच्या भरवशावर देऊ?

तरी एक सांगते. इथे निदान कुणीतरी पदरचे पैसे घालून तपासलं, कोर्टात दोन्ही बाजू मांडल्या गेल्या. आपल्याकडे फॉरवर्ड येतो, चार जण हळहळतात, संपलं. हे लिहिलं की दादा म्हणतो, ‘तू आता तिकडचीच झालीस.’

आणि गच्चीवर कोरफडीची कुंडी असताना हा वाद! पान बुडाशी कापलं की आधी पिवळा, कडू चीक गळतो. तो निथळावा म्हणून वहिनीच पान वाटीत उभं ठेवायच्या, मग काटे आणि साल काढायच्या. आतल्या गराला रंग नसतो. बाटलीतला हिरवागार रंग कोरफडीचा नव्हेच. माझी कुंडी न्यू जर्सीच्या थंडीत खिडकीतच अडकते, पानं बोटाएवढी.

ऑफिसात कुणाची पाठ उन्हाने सोलवटली की मलाच विचारतात, तुम्ही लोक खरी कोरफड कशी लावता? तिथे मी भारताची जाणकार, घरी अमेरिकेची. खरं बोचतं ते वेगळंच. पूर्वी भाजलं-कापलं की वहिनी न विचारता माझ्या हाताला गर चोळायच्या. आता मी आले की नवा साबण, नवा टॉवेल काढतात आणि बाटल्यांची यादी देतात. वहिनी, यंदा मी बाटल्या आणणार नाही. मला पाहुणी समजू नका, वर जाऊन पान मीच कापीन.