‘सगळ्या फाइली एकत्र करा’ हा सल्ला आता पाळू नका

वेबसाइट वेगवान करण्याचा एक सल्ला सगळीकडे फिरतोय: सगळ्या सीएसएस (पानाची सजावट) आणि जावास्क्रिप्ट (पानावर चालणारा कोड) फाइली जोडून प्रत्येकी एक करा, लायब्ररी (इतरांनी लिहिलेला तयार कोड) सार्वजनिक सीडीएनवरून, म्हणजे अनेक साइटना फाइली पुरवणाऱ्या सर्व्हरच्या जाळ्यावरून घ्या, कॅशची, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या प्रतींची, मुदत वर्षभर ठेवा. हे डोळे झाकून केलं तर साइट उलट मंदावते, आणि त्याची झळ आधी कमजोर नेटवर्कवाल्यांना बसते.

फाइली जोडायचं कारण एचटीटीपी/१.१ हे होतं, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी बोलतात त्यांची जुनी आवृत्ती. तिथे ब्राउझर एका होस्टशी (सर्व्हरच्या एका पत्त्याशी) साधारण सहाच कनेक्शन उघडतो, बाकीच्या फाइली रांगेत. २०१५ मध्ये प्रमाणित झालेल्या एचटीटीपी/२ मध्ये एकाच कनेक्शनवरून अनेक फाइली सोबत येतात. गठ्ठ्याचा तोटा मात्र तसाच राहिला: कोडची एक ओळ बदलली की अख्खी फाइल पुन्हा उतरवावी लागते. म्हणून क्वचित बदलणाऱ्या लायब्ररी वेगळ्या ठेवा, रोज बदलणारा आपला कोड वेगळा. शेकडो तुकडेही नकोत. फार लहान फाइली नीट कॉम्प्रेस होत नाहीत.

‘सीडीएनवरची लायब्ररी दुसऱ्या साइटमुळे आधीच कॅशमध्ये असते’ हे तर साफ चुकीचं. सफारी, क्रोम (२०२० पासून) आणि फायरफॉक्स (२०२१ पासून) प्रत्येक साइटची कॅश वेगळी ठेवतात. हाती उरतं ते नव्या होस्टशी जोडणी करण्याचं ओझं. लायब्ररी आपल्याच सर्व्हरवर ठेवा.

वर्षभराची मुदत चांगलीच, पण कोणत्या फाइलला? ‘स्टाइल.सीएसएस’ला ती दिली आणि उद्या डिझाइन बदललं, तर जुन्या वाचकाला नवं एचटीएमएल (पानाची मूळ फाइल) आणि जुनी सीएसएस मिळते, पान विस्कटतं. त्याच्या ब्राउझरमधली प्रत तुम्हाला परत मागवता येत नाही. उपाय म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला हॅश, म्हणजे ओळखीचा छोटा कोड, नावातच घालायचा, जसं ‘स्टाइल.७१४०९२.सीएसएस’. मजकूर बदलला की नाव बदलतं. अशा फाइलसोबत सर्व्हरकडून ब्राउझरला बिनधास्त ‘मॅक्स-एज=३१५३६०००’ (एका वर्षाचे सेकंद) आणि ‘इम्युटेबल’ (ही फाइल बदलणार नाही) या सूचना द्या. एचटीएमएलला मात्र ‘नो-कॅश’. याचा अर्थ ‘साठवू नको’ असा अनेकजण घेतात; त्यासाठी ‘नो-स्टोअर’ आहे. ‘नो-कॅश’ म्हणजे साठव, पण वापरण्याआधी सर्व्हरला विचार. ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) जुळला तर सर्व्हर फक्त ३०४, म्हणजे ‘बदल नाही’ असा संकेत, पाठवतो, पान पुन्हा पाठवत नाही.

आणि नवी आवृत्ती चढवताना जुन्या हॅशच्या फाइली लगेच पुसू नका. कोणाच्या तरी टॅबमध्ये जुनं पान उघडं असतं, आणि ते नंतर लागणारी फाइल जुन्याच नावाने मागतं.