आकडे कोणाच्या बापाचे?

परीक्षा घेणारी संस्था काढायची म्हणताय? जरूर काढा. प्रश्न काढायला, पेपर तपासायला माणसं मिळतात. खरी विद्या लागते ती निकालानंतर. तेव्हा आधी गुरू करा, आणि करायचाच तर अमेरिकेतल्या कॉलेज बोर्डाला करा. १९२६ पासून सॅट (SAT) या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेचा व्याप आहे त्यांचा. त्या नावातला 'ए' पूर्वी अ‍ॅप्टिट्यूडचा होता, मग असेसमेंटचा झाला, आणि पुढे ही अक्षरं कशाचीच आद्याक्षरं नाहीत असं ठरलं. परीक्षा नेमकं काय मोजते हे नावातूनच काढून टाकलं की निम्मी कटकट मिटते.

आता आकडे. ते बिनधास्त छापा. बोर्डही सरासरी गुण छापायचं: मुलगे, मुली, वंश, घरचं उत्पन्न. उत्पन्नाचा तक्ता तर देखणाच. मिळकत एक पायरी चढली की गुणही चढतात. असा तक्ता जाडजूड अहवालाच्या पोटात असला की कोणाच्या डोळ्यात खुपत नाही.

खुपतो तो दुसऱ्याने उचलून सुटा मांडला की. मॅसेच्युसेट्समधली फेअरटेस्ट ही छोटी संस्था १९८५ पासून अशा परीक्षांच्या मागे हात धुऊन लागलेली. तिने आकडे मांडले, आणि २००४ मध्ये बोर्डाचं पत्र गेलं: ही आमची मालमत्ता, काढून टाका. आकडे खोटे म्हणायची सोय नव्हती, घरचेच होते ना! तक्रार वेगळीच होती. अशा वापरामुळे विद्यार्थी, पालक आणि शिक्षकांचं आमच्या सेवेबद्दलचं मत बदलतं म्हणे. हे वाक्य तोंडपाठ करा. लोकांना वाचता येतं, हा गुन्हा इतक्या सभ्यपणे कोणी मांडला नसेल.

एखादा आगाऊ माणूस १९९१ चा फाइस्ट खटला तोंडावर फेकेलच. कॅन्ससमधल्या रूरल नावाच्या टेलिफोन कंपनीची ग्राहकांची यादी फाइस्ट या डिरेक्टरी छापणाऱ्या कंपनीने उचलली. चोर सापडावा म्हणून रूरलने पेरलेली चार बनावट नावंसुद्धा उचलली. मुद्देमालासकट सापडले बिचारे! तरी अमेरिकेचं सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नाव-गाव-नंबर ही वस्तुस्थिती आहे, तिच्यावर कॉपीराइट नाही. गोळा करताना घाम गाळला म्हणून ती तुमची होत नाही. कायद्याला थोडी तरी सर्जनशीलता लागते.

घाबरू नका, वाट यातच आहे. त्या अख्ख्या यादीत रूरलने स्वतःच्या डोक्यातून काढलेलं काय होतं? ती चार खोटी नावं. तेव्हा तुम्हीही हात राखू नका. गरीब घरातल्या मुलांची सरासरी मनाला येईल तेवढी वाढवा, श्रीमंतांची थोडी उतरवा, जिना सपाट करून टाका. मग ती तुमची अस्सल निर्मिती, आणि उचलायला कोणी येणारही नाही.

हे जमत नसेल तर वकिलाचं पत्र आहेच. समोरच्याकडे वकील करायला पैसे नसले तर तेही पुरतं. फक्त पत्रासोबत तो तक्ता जोडू नका. टाइप करणाऱ्या कारकुनाची मुलगी यंदाच परीक्षेला बसलेली असायची.