जेवणाच्या खोलीतलं इंजिन

बेल्जियन चित्रकार रेने माग्रितचं फायरप्लेसमधून बाहेर आलेल्या इंजिनाचं चित्र घरी उतरवायला घेणाऱ्यांना माझा आधीच दंडवत. १९३८ चं हे चित्र शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे आणि त्याचं माप १४७ × ९८.७ सेंटिमीटर. आपल्याकडच्या हॉलमध्ये एवढा कॅनव्हास राहील किंवा सोफा राहील. निम्म्या मापाचा घ्या. सोफ्याचे हप्ते अजून चालू असतात.

हा गृहस्थ ब्रसेल्सजवळच्या जेत भागात, तळमजल्यावरच्या भाड्याच्या घरात, चक्क जेवणाच्या खोलीत रंगवायचा. मागच्या अंगणात स्टुडिओ होता, पण तो जाहिरातींच्या कामासाठी. आपण हा कित्ता गिरवू नये. टर्पेंटाइनचं झाकण उघडं राहिलं की रात्रीच्या आमटीला तोच वास, आणि त्या वेळी सर्रिअ‍ॅलिझमचा (स्वप्नातल्यासारख्या अशक्य गोष्टी रंगवण्याच्या शैलीचा) खुलासा कुणी ऐकून घेत नाही.

लोक इंजिनाला घाबरतात. खरा घात ती खोली करते. घड्याळात पाऊण वाजत आलाय, मेणबत्तीचे दोन्ही स्टँड रिकामे, आणि आरशात प्रतिबिंब मात्र घड्याळाचं आणि एकाच स्टँडचं. बाकी आरसा ओस. इथे हात शिवशिवतात: एखादी मेणबत्ती लावू या, इंजिनाखाली रूळ टाकू या. टाकलेत की उदासी गेली, उरलं रेल्वेचं कॅलेंडर. जमिनीच्या फळ्यांचं पर्स्पेक्टिव्ह (लांब जाताना निमुळतं होत जाणं) आधी पक्कं करा. ते चुकलं तर हवेत तरंगणारं इंजिन घसरलेलं दिसतं.

इंजिनाचं तोंड ताटली ठेवून गोल मारू नका. ते किंचित वळलेलं असल्यामुळे गोल थोडा चेपतो. पूर्ण गोल काढलात तर मागचा बॉयलर त्याला जुळता जुळत नाही.

धूर सगळ्यात शेवटी. तो शहाण्यासारखा वर धुराड्यात जातो. खालचा करडा थर ओला असेल तर पांढरा त्यात मिसळून नुसता चिखल होतो. तैलरंगातलं जवसाचं तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. त्यात टिटॅनियम व्हाइट हा पांढरा रंग वाळायला मुळातच आळशी. अंबर हा मातकट तपकिरी रंग लवकर वाळतो, म्हणून खालचे थर त्यात आणि पातळ ठेवा, जास्त तेलाचे वर. पावसाळ्यात बोट लावून बघण्याचा मोह आवरा.

तेलाच्या चिंध्यांचा बोळा कचऱ्यात कोंबू नका, तो आपोआप पेट घेऊ शकतो. पसरून वाळवा. आग चित्रातसुद्धा नाहीये.

राहिला प्रश्न टांगण्याचा. माग्रितची इच्छा होती की त्याचा इंग्रज संग्राहक एडवर्ड जेम्सने हे चित्र जिन्याच्या पायथ्याशी लावावं, म्हणजे नाचघराकडे निघालेल्या पाहुण्यांना इंजिन येऊन भोसकेल. जेम्सने ते नेऊन फायरप्लेसवरच लावलं. गिऱ्हाईक जगभर सारखंच.