खुलासा : नळी बदलली म्हणून थ्री-नॉट-थ्रीची २ए१ होत नाही

सोलापुरातल्या आमच्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर ईशापूरच्या कारखान्यातल्या २ए१ रायफलबद्दल दोन दिवस एक मजकूर फिरतोय : ‘ईशापूरची २ए१ म्हणजे नळी बदललेली थ्री-नॉट-थ्रीच. ती ७.६२ मिमीचं काडतूस सोसते, म्हणजे परदेशात मिळणारी तशी कुठलीही बदललेली जुनी रायफल घरी भरलेलं कडक काडतूस सोसेल.’ हे साफ चूक आहे.

२ए१ ही १९६० च्या दशकात ७.६२ साठीच नव्याने, जास्त मजबूत पोलादातून घडवली. तोंडवळा तेवढा जुना. मूळ थ्री-नॉट-थ्रीचं पोलाद वेगळं. शिवाय तिचा बोल्ट (काडतुसाच्या मागून नळी बंद करणारा दांडा) मागच्या बाजूला अडकतो, त्यामुळे बार उडताना तो किंचित दबतो आणि काडतुसाची पितळी केस, म्हणजे बाहेरचं कवच, ताणली जाते. उडालेली केस उजेडात धरून बघा. बुडाच्या जरा वर चकचकीत कडं दिसलं, किंवा आत फिरवलेल्या वाकड्या तारेचं टोक खाचेत अडकलं, तर ती केस तिथेच तुटायला आलेली असते. ती परत भरायची नाहीच.

परदेशातले जाणते लोक आधी गनस्मिथकडून (बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडून) हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, तपासून घेतात आणि छापील तक्त्यातल्या दारूच्या सर्वांत कमी मापापासून सुरुवात करतात. आपल्याकडे तर विनापरवाना काडतूस बनवणं १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हाच आहे.

ज्यांनी तो मजकूर पुढे ढकलला, त्यांनी हा खुलासाही तिथेच टाकावा, ही कळकळीची विनंती.