पाहुणे, पाणी आणि पान्याची पाटी : एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा,

तुमची प्रतिक्रिया वाचली. रागात लिहिलेली असली तरी मुद्द्याला धरून आहे, म्हणून खाली दोन ओळींत उरकण्यापेक्षा सवडीनं उत्तर लिहिते. बाकीच्या वाचकांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. बोटीवर राहायला येणाऱ्यांसाठी मी मागं सूचना लिहिल्या होत्या. अंघोळीला अर्धी बादली पाणी, संडास कसा वापरायचा याची शिकवणी, आणि इंजिनाजवळ ‘पान्याला हात लावू नये’ अशी पाटी (पाना म्हणजे नट आवळायचा). त्यावर तुमचं म्हणणं असं, की हे कोल्हापूरच्या माणसाला शोभत नाही. आपल्याकडं दारात आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या देतात, पाणी मोजून देत नाहीत. बोट कायम मोडलेलीच असेल तर आधी ती नीट करा, मग लोकांना बोलवा. आणि शेवटी, हा पैसेवाल्यांचा शौक, त्याचं एवढं कौतुक कशाला.

शेवटचं आधी घेते, ते लवकर संपतं. यॉट म्हटल्यावर जे पांढरंशुभ्र डोळ्यापुढं येतं ते आमच्याकडं नाही. आमची आहे मासेमारीतून निवृत्त झालेली जुनी लाकडी ट्रॉलर, पावसाळा सोडला तर विजयदुर्गच्या खाडीत नांगरलेली. ज्या खणात बर्फ आणि बांगडे भरायचे त्या खणात आम्ही दोघं झोपतो. एप्रिलच्या उन्हात फळ्या तापल्या की बांगड्याचा वास अजून येतो, आणि पाहुण्यांना वाटतं आज जेवणात मासे आहेत. ती घेतली तेवढ्या पैशात कोल्हापूरच्या राजारामपुरीत गाडी लावायला जागा मिळाली असती, खोली नाही.

आता पाणी. शहराची पाणीयोजना आखताना माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. आमच्या दोन टाक्या मिळून ४०० लिटर. चार माणसं घरच्या सवयीनं वागली तर संध्याकाळच्या चहाला पाणी उरणार नाही. माणशी १५ लिटरमध्ये भागवलं तर तेच पाणी सहा दिवस जातं. टाकी संपली की जेट्टीवरून वीस-वीस लिटरचे कॅन होडक्यात घालून वल्हवत आणायचे आणि वर ओढून घ्यायचे. प्यायचं पाणी आम्ही आजवर कुणाला मोजून दिलेलं नाही. तांब्या आम्हीही आधीच देतो. मोजतो ते अंघोळीचं. भांडी पहिल्यांदा खाऱ्या पाण्यातून काढतो आणि शेवटचा हात गोड्या पाण्याचा फिरवतो.

तुम्ही कोल्हापूरचे, म्हणून आठवण करून देते. २०१९ च्या ऑगस्टात, महापुरात, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी कधीच मागं पडली होती, चारी बाजूंनी पाणी होतं आणि नळाला थेंब नव्हता, कारण उपसा केंद्रंच पाण्याखाली गेली होती. तेव्हा आमच्या घरी नदीकाठचे नातेवाईक येऊन राहिले होते. त्यांनाही अंघोळीला तांब्यावर तांब्या मोजूनच दिला, आणि टँकर आला की त्यांनीच पुढं होऊन घागरी भरल्या. त्यात कुणाचा पाहुणचार उणा पडला, असं तुम्हाला वाटतं का? बोटीवर कायम तीच स्थिती असते, एवढाच फरक. सभोवती पाणी, आणि त्यातलं प्यायला एक थेंबही नाही.

खरा मुद्दा तुमचा दुसरा आहे : आधी दुरुस्त करा, मग बोलवा.

दादा, जुन्या पेठांतल्या कौलारू घरांची कौलं दर उन्हाळ्यात चाळतात. फुटकी काढायची, सरकलेली बसवायची, मांजरांनी केलेली वाट बुजवायची. म्हणून कुणी त्या घराला मोडकं म्हणत नाही, आणि कौलं चाळून संपेपर्यंत जावयाला येऊ नका असंही कळवत नाही. लाकडी बोटीचं काम असंच, फक्त ते एका उन्हाळ्यात आटपत नाही. फळ्यांच्या सांध्यात ठासलेला कापूस कुठं ना कुठं सैल होतोच. तळाला लावलेला तांबं घातलेला रंग झिजला की लाकूड पोखरणारा किडा आत शिरतो. बुडाला जस्ताच्या वड्या ठोकलेल्या असतात, त्या तर विरघळून जाण्यासाठीच असतात. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू जवळ आले की त्यातला एक खाल्ला जातो, आणि बोट ढकलणारा पंखा खाल्ला जाण्यापेक्षा जस्त गेलेलं बरं.

इथं जरा कोल्हापुरातल्या उद्यमनगरची, कारखान्यांच्या वसाहतीची, गोष्ट सांगते, कारण माझं माहेर तिथलं. वडिलांचं लेथचं वर्कशॉप होतं आणि शाळेतून आल्यावर मी बुरादा झाडत मोठी झाले. आमच्याकडं इंजिन मी बघते आणि भाकरी हे थापतात. तुम्ही त्यावरही एक टोमणा मारलाय, तो मी सोडून देते, कारण ह्यांच्या भाकरीला पापुद्रा येतो आणि माझ्या येत नाही. तर उद्यमनगरात कुठलंही यंत्र उभं करता येतं, पण समुद्राच्या पाण्याशी तिथं कुणाचा कामात संबंध येत नाही. पहिल्यांदा बोट घेतली तेव्हा आधीच्या मालकानं खालच्या झडपेला पितळी बोल्ट लावलेले निघाले. वरून पिवळेधमक, ठणठणीत. पकडीनं एक वळवला तर डोकं खडूसारखं हातात आलं. आतून गुलाबी. पितळेतलं जस्त खाऱ्या पाण्यानं खाऊन टाकलं होतं आणि राहिला होता तांब्याचा भुसा. तिथं गनमेटल लागतं : ८८ भाग तांबं, १० भाग कथील, २ भाग जस्त. ते ओतून घेतलं, बोल्ट करून घेतले. आता सांगा, असली कामं संपल्याचा दाखला कोण देणार आणि त्याची वाट बघत किती वर्षं दार लावून बसायचं?

पाटीबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त राग आलेला दिसतो. ‘पाहुण्यावर संशय’ असा शब्द वापरलाय. म्हणून ते नीट सांगते.

इंजिन बोटीच्या आत, पंखा बाहेर. दोघांना जोडणारा शाफ्ट बुडातून आरपार जातो, म्हणजे बुडाला एक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. त्या भोकात शाफ्टभोवती ग्रीस लावलेल्या दोरीचे वेढे ठासतात आणि वरून नट आवळतात. शेतातल्या पंपाला ग्लँड दोरी भरताना तुम्ही बघितलं असेल, तीच ही. आणि पंपासारखंच, ही ग्लँड थोडी गळायलाच हवी. शाफ्ट फिरताना मिनिटाला दोन-तीन थेंब पडले की दोरी ओली राहते, शाफ्ट गार राहतो. खाली साचलेलं पाणी पंप बाहेर टाकतो.

आमच्या नात्यातले एक पाहुणे आले होते. हायड्रॉलिक प्रेसवर उभी हयात गेलेला माणूस, हाताला अशी कला की कानानं बेअरिंग ओळखतात. पण प्रेसच्या कामात तेलाचा एक थेंब गळला तरी तो दोष. रात्री सगळे झोपल्यावर ते टॉर्च घेऊन खाली गेले आणि आमच्यावर उपकार म्हणून नट आवळून आले. सकाळी आम्ही वाघोटनच्या बाजूला, मराठा आरमाराची खडकात खोदलेली जुनी गोदी बघायला निघालो. थोडं अंतर गेल्यावर खालून करपल्याचा वास. ह्यांना वाटलं भाकरी तव्यावर राहिली. मी फळी उचलली तर ग्लँडपाशी धूर, आणि हात जवळ नेववत नव्हता. इंजिन बंद केलं, नांगर टाकला. ओहोटी लागलेली, त्यामुळं बोट नांगरावर ताणून उभी राहिली आणि सगळे गप्प. मग पाहुणे हळूच म्हणाले, “थेंब थेंब गळत हुतं, म्हटलं पाव आटा फिरवूया.”

पाव आट्यानं एवढं होत नाही, चांगले दोन आटे होते ते. पण त्यांना काय बोलणार. थंड व्हायला वेळ लागला, तोवर ह्यांनी कालवण केलं, जेवलो. दोरी जळून गेलेली, म्हणून परत येताना पंप सारखा चालू. पुढं अमावास्येच्या उधाणाला बोट वाळूवर चढवली, ओहोटीला ती कोरडी बसली, आणि शाफ्ट ओढून बाहेर काढला. नख फिरवलं की अडकेल अशी चर पडली होती त्याला. असल्या शाफ्टवर नवी दोरी भरली तर ती आठवड्यात फाटते.

आणि तो शाफ्ट गोणपाटात गुंडाळून, एसटीच्या मधल्या वाटेत आडवा टाकून, कंडक्टरची बोलणी खात कोल्हापूरला कुणी आणला? त्याच पाहुण्यांनी. नवा शाफ्ट लेथवर चढवला तेव्हा दिवसभर शेजारी उभे होते. पंख्याचा टेपर, म्हणजे शाफ्टचं निमुळतं टोक, पंख्यात नीट बसतंय की नाही ते निळी लावून तीन-तीनदा तपासलं. आणि शाफ्ट घेऊन परत बोटीवर आले तेव्हा बरोबर एक पत्र्याची पाटी, त्यांच्या स्वतःच्या अक्षरात ऑइलपेंटनं रंगवलेली : पान्याला हात लावू नये. खाली लहान अक्षरात, ‘अनुभवावरून’. सूचनांबरोबर टाकलेल्या फोटोत ती ओळ कापली गेली, हे खरं.

तर संशय वगैरे काही नाही. ज्याला पाना धरता येत नाही तो काही बिघडवत नाही. हुशार माणसालाच आधी सांगून ठेवावं लागतं.

बाकीच्या सूचनांचंही तेच. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. बोटीत तो गळला तर वर जात नाही, तळात पाणी साचतं तिथं जाऊन बसतो, आणि पंपाची विजेची जोडणीही तिथंच. म्हणून सिलिंडर वर डेकवर आहे आणि दर वेळी चूल विझली की तिकडची चावी बंद होते. एक वहिनी सकाळी सगळ्यांच्या आधी उठून, आम्हाला त्रास नको म्हणून, अंधारात चहा टाकायला गेल्या. मायेनं केलं, पण मी झोपेतून अशी ओरडले की अजून घरात त्याची नक्कल होते. आता आल्याआल्या सांगते, वहिनी, चहा पाहिजे तर मला लाथ मारून उठवा.

संडासाचं फार लिहीत नाही. हातपंपाचा आहे, नळी मनगटाएवढीही जाड नाही आणि आत रबराची एक नाजूक झडप आहे. तिच्यात केस अडकला तरी ती मिटत नाही. तुंबला तर उघडून साफ मी करते, पाहुणे नव्हे. लाज बाजूला ठेवून आधी दोन मिनिटं सांगितलेलं बरं, की नंतर सगळ्यांनी नाकाला रुमाल लावून बसलेलं?

तुमच्या एका वाक्याशी मात्र मी सहमत आहे : अडचणीच्या घरात म्हाताऱ्या माणसाला ओढत नेऊ नये. गुडघे दुखणारे, दोन-तीन वर्षांची पोरं असलेले, यांना आम्ही बोटीवर मुक्कामाला बोलावतच नाही. त्यांची सोय गावात करतो आणि जेवायला आम्हीच काठावर जातो. शिवाय दुरुस्ती-दुरुस्तीत फरक असतो. पाणी उपसायचा पंप बंद असेल, तळाची झडप फिरत नसेल, तर सरळ फोन करून यायचं पुढं ढकलतो, मग रजा टाकलेली असो नाहीतर सामान बांधलेलं असो. पण रंग अर्धा राहिलाय, केबिनचं दार घासतंय, दिवा एकच लागतोय, एवढ्यासाठी कुणाला थांबवत नाही. आईच्या वेळी असं नव्हतं. पाहुणे येणार म्हटलं की आठ दिवस घर सारवून, डबे भरून मगच बोलवायची. तिचं घर जमिनीवर होतं आणि आमचे पाहुणे रात्रभर डुलतात, तरी तिच्या धाकात वाढल्यामुळं आजही कुणी यायचं म्हटलं की मी डेक घासायला घेतेच.

पाहुणे काम करतात यावरही तुमचा आक्षेप आहे. कुणाला जबरदस्ती नाही. पण दिवसभर नुसतं बसवून ठेवलं तर लोक दुपारपर्यंत कंटाळतात आणि केबिनमध्ये आडवे होऊन उलट्या करतात. वर मोकळ्या हवेत, क्षितिजाकडं नजर ठेवून दोरी गुंडाळायला दिली की पोट ठिकाणावर राहतं. आलेपाक आम्ही देतोच.

आत्ता पावसाळ्यात बोट वाळूवर झापांच्या खाली आहे आणि आम्ही कोल्हापुरात. ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठते, पण आमच्या वाटेत मांडुकलीजवळ रस्त्यावर पाणी असलं तर गगनबावड्याकडं जाताच येत नाही, म्हणून आम्ही घाई करत नाही. दसऱ्यानंतर ती पुन्हा पाण्यात असेल. तेव्हा दादा, खरंच या. वहिनींनाही आणा.

अष्टमीच्या आसपासचा दिवस धरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे अष्टमीला सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला. दुपारी ओहोटी असते, जेट्टीच्या खालच्या पायऱ्या उघड्या पडतात आणि त्यांना शेवाळ असतं, म्हणून चारच्या आधी पोचू नका. करूळ घाट उतरून वैभववाडी, तळेरे आणि तिथून विजयदुर्ग. चाकाची बॅग नको, ती ठेवायला जागा नाही, कापडी पिशवी चालेल. कोल्हापुरी चप्पल घालून आलात तर ती होडक्यात बसण्याआधी काढून पिशवीत घाला, ओल्या डेकवर ती घसरते आणि खाऱ्या पाण्यानं चामडं वाया जातं. कांदा-लसूण चटणी घरची असेल तर आणा, आमची संपत आलीय.

आणि उद्यमनगरावरून येणार असलात तर पाव किलो ग्लँड दोरी घ्या. तीन सूत जाडीची.