औषध घरपोच द्या, पण आधी बोला

२६ मार्च २०२० ची केंद्राची अधिसूचना मागे घ्या, अशी औषध विक्रेत्यांच्या संघटनांची मागणी आहे. लॉकडाऊनमध्ये परवानाधारक दुकानदाराला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध घरपोच द्यायची मुभा या अधिसूचनेने दिली. आता साथ संपली, तरी तिच्या आडून ऑनलाइन कंपन्या धंदा करतात, असं दुकानदारांचं म्हणणं. त्यांची काळजी रास्त आहे. तरीही ही मुभा जाऊ नये, ती दुरुस्त व्हावी, असं मला ठामपणे वाटतं.

मी सांगली जिल्ह्यातल्या मिरजेची. इंग्लंडमध्ये एका हॉस्पिटलच्या ओपीडी फार्मसीत काम करते. कोविड आला तशी ओपीडी बघता बघता फोनवर गेली आणि खिडकीवर मिळणारी पाकिटं कुरिअरने जायला लागली. जास्त धोका असलेल्या रुग्णांना घराबाहेर पडू नका असं सांगितलं होतं. त्यांच्यासाठी ९ एप्रिल २०२० पासून सरकारी खर्चाने घरपोच सेवा सुरू झाली, तीही गल्लीतल्याच फार्मसीमार्फत.

पण कुरिअर लावणं हे सोपं काम होतं. संधिवाताची मेथोट्रेक्सेट घ्या. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. खिडकीवर पाकीट हातात देताना आम्ही वार विचारायचो. पाकीट घरी जायला लागलं तेव्हा तेच फोनवर विचारायला लागलो. कोणत्या वारी घेता? शेवटचं रक्त कधी तपासलं? फॉलिक अ‍ॅसिड त्याच दिवशी तर घेत नाही ना? पेशंट उत्तर देताना अडखळला की पाकीट टेबलावरच राहायचं.

इथलं सगळंच चांगलं होतं असं नाही. फोनवर सुजलेले पाय दिसत नाहीत. इंग्रजी न येणाऱ्या आजी सगळ्याला ‘यस, यस’ म्हणतात, आणि त्यांचा मुलगा कामावरून येईपर्यंत खरं काय ते कळत नाही. आपल्याकडचे मेडिकलवाले काका या बाबतीत कितीतरी पुढे आहेत. कुणाच्या घरी कोण डायबेटिसचं, कुणाची बीपीची गोळी गेल्या महिन्यात बदलली, हे त्यांना तोंडपाठ असतं. अ‍ॅपवरून दहा मिनिटांत पिशवी आणून देणाऱ्या पोराला हे माहीत असायचं कारण नाही.

म्हणून घरपोच सेवा त्या काकांच्या हाती राहावी, आणि त्यासाठी नियम मिरजेला लागू पडेल असा हवा. या अधिसूचनेनुसार दुकान ज्या महसुली जिल्ह्यात, त्याच जिल्ह्यात औषध पोचवता येतं. अंकलीचा पूल ओलांडला की उदगाव, जयसिंगपूर, म्हणजे कोल्हापूर जिल्हा! म्हैसाळच्या पुढे कागवाड, म्हणजे तर कर्नाटकच. मिरजेत वॉनलेस हॉस्पिटल १८९४ साली सुरू झालं, आणि सीमेपलीकडचे पेशंट पिढ्यानपिढ्या मिरजेला येत आले. साथीत रस्ते बंद झाले तेव्हा हेच लोक सर्वांत जास्त अडले असणार, आणि नियमाने नेमकं त्यांनाच बाहेर ठेवलं. लांब पल्ल्याच्या जतला मात्र औषध पाठवता येतं, कारण ते जिल्ह्यात आहे.

दुसरं, जुनाट आजाराची चिठ्ठी लिहिल्यापासून तीस दिवसांच्या आत दाखवावी लागते. इंग्लंडमध्ये स्थिर पेशंटला डॉक्टर एकदम वर्षभरापर्यंतची मंजुरी देतात आणि फार्मासिस्ट दर वेळी विचारपूस करून पुढची औषधं देतो. थायरॉइडच्या गोळीसाठी सत्तरीच्या माणसाला पुन्हा पुन्हा डॉक्टरांकडे का पाठवायचं?

दुकानदारांनाही एक गोष्ट मान्य करावी लागेल. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय इतर कोणी डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध देऊ नये. प्रमाणपत्र भिंतीवर आणि फार्मासिस्ट भलतीकडेच, अशी दुकानं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. अशा दुकानातून पेशंटला फोन करणार कोण? हे बदललं नाही, तर अ‍ॅपविरुद्धची तक्रार लंगडी पडते.

आणि खर्चाचं बोला. इथे इंग्लंडमध्ये साथीतल्या घरपोच सेवेचे पैसे सरकारने मोजले. जतला मे महिन्यात इन्सुलिन बर्फाच्या पाकिटासह पाठवायचं, तर तो भुर्दंड एकट्या दुकानदाराने का सोसावा? अधिसूचना मागे घ्या म्हणण्याऐवजी संघटनांनी निवेदनात हे मागावं: शेजारच्या जिल्ह्यांची मुभा, स्थिर पेशंटसाठी लांब मुदतीची चिठ्ठी, पाकीट निघण्याआधी फार्मासिस्टच्या फोनची सक्ती, आणि त्या फोनचे व पोचवण्याचे रीतसर पैसे.