‘वाईट तेवढेच बंद होते’ हा समज तपासताना

आमच्या घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलाच्या व्हॉट्सॲप गटात आलेला एक संदेश सध्या ठाण्यात बराच फिरतो आहे. ‘सरकार फक्त वाईट साइट बंद करतं, अभ्यास करणाऱ्याचं काही अडत नाही, अडलंच तर व्हीपीएन आहे, आणि ज्याने काही केलं नाही त्याने पाळतीला का घाबरावं?’ असे त्याचे सार आहे. (व्हीपीएन म्हणजे आपले इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत वळवून बंदी चुकवू देणारी सेवा.)

बंदी वाईटापुरती राहते, हे पहिलेच विधान टिकत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये दहशतवादी मजकुराचे कारण देऊन देशात ३२ संकेतस्थळे रोखली गेली, तेव्हा त्यांत प्रोग्रामर आपला कोड जिथे ठेवतात ते गिटहब होते आणि जुनी पुस्तके व संकेतस्थळे जपणारे इंटरनेट अर्काइव्ह हे मोफत डिजिटल ग्रंथालयही होते. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन हिंदी चित्रपटांच्या चोरट्या प्रती रोखण्यासाठी मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांत अर्काइव्ह पुन्हा सापडले. (आदेश न्यायालयाचा होता हे मान्य, वाचकाच्या दृष्टीने दार बंदच होते.) १८९३ पासून चालत आलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयापर्यंत ज्याला जाता येत नाही, तो दुकानात न मिळणारे जुने मराठी पुस्तक याच अर्काइव्हवर शोधतो.

असे होण्यामागे तांत्रिक कारणही आहे. विकिपीडिया २०१५ पासून सर्व वाचकांना एचटीटीपीएसवरूनच, म्हणजे मजकूर सांकेतिक रूपात पाठवणाऱ्या जोडणीवरूनच, पाने देतो; त्यामुळे वाचक कोणत्या संकेतस्थळावर आहे हे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला कळते, पण तो कोणता लेख वाचतो हे कळत नाही, आणि म्हणून एखादा लेख खुपला तरी तेवढाच रोखता येत नाही. तुर्कस्तानने काही लेखांवरून २९ एप्रिल २०१७ रोजी सर्व भाषांतील विकिपीडिया बंद केला, तो तेथील घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर १५ जानेवारी २०२० रोजी उघडला. मधल्या काळात गणिताचे लेखही बंदच राहिले.

आपल्याकडे सरकारला संकेतस्थळे रोखण्याचा अधिकार देणाऱ्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली बंदीची कारणे लेखी नोंदवावी लागतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये श्रेया सिंघल प्रकरणात हे कलम कायम ठेवले, ते याच तरतुदींचा आधार घेऊन. मात्र याच कलमाखालच्या २००९ च्या नियमांतील सोळावा नियम तक्रारी आणि कारवाई गोपनीय ठेवण्यास सांगतो. मग काय बंद झाले आणि का, हे ठाऊक नसताना ‘वाईट तेवढेच’ असे संदेशलेखक कशावरून म्हणतात?

व्हीपीएनविषयी थोडक्यात एवढेच, की सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपावी लागते, आणि त्यामुळे काही कंपन्यांनी भारतातील सर्व्हरच काढून घेतले.

पाळतीचा परिणाम दोषी माणसापुरता मर्यादित राहत नाही. अमेरिकी गुप्तचर यंत्रणेची पाळत जून २०१३ मध्ये उघड झाली, त्यानंतर इंग्रजी विकिपीडियावरील दहशतवादाशी संबंधित लेखांची वाचकसंख्या घटल्याचे कायद्याचे अभ्यासक जोनाथन पेनी यांच्या २०१६ च्या अभ्यासात दिसले. ते लेख वाचण्यास तेव्हाही कायद्याची आडकाठी नव्हती.